आई रोज उलटं जाते!

शुक्रवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या आमच्या घरात चहा पिता पिता असा शॉक बसला की हातातली खारी कपातच पडली...

सांगते. मी ठाण्यात एका छोट्या कंपनीत डेटाचं काम करते. बसमध्ये लोक कार्ड लावतात ना, तो डेटा क्लाउडवर येतो, आणि कुठली बस कुठून न्यावी ते आमचं कॉम्प्युटर मॉडेल सुचवतं.

यावेळी नेमका आमच्याच कॉलनीचा रूट आलेला. मॉडेलचं म्हणणं, सकाळी कॉलनीतून ठाण्याला कोणीच जात नाही, सगळे डोंबिवली स्टँडवर उतरतात. मग ठाण्याची बस कॉलनीत फिरवायची कशाला? स्टँडवरून थेट शीळफाटा! सोमवारी रिपोर्ट जाणार होता आणि मी खुशीत आईला हे ऐकवत होते.

आई ठाण्यात वर्तकनगरच्या एका पाळणाघरात काम करते. रोज याच बसने.

"कोणी जात नाही काय? अगं, आम्ही उलटं जातो!"

अरे देवा... उलटं! स्टँडवरून बस भरूनच येते, म्हणून ठाण्याहून आलेली बस कॉलनीत पकडायची, स्टँडला गेली तरी उठायचं नाही, फक्त कार्ड पुन्हा लावायचं. तीच बस परत ठाण्याला निघते, आणि आपली सीट पक्की!

धावत जाऊन लॅपटॉप उघडला. स्टँडला उतरलेली कार्डं तिथूनच लगेच ठाण्याला चढलेली... एखाददुसरं नाही हो, अख्खी कॉलनी! मी उडालेच.

"बस कॉलनीत नाही आली तर मला काम सोडावं लागेल," आई शांतपणे म्हणाली. "स्टँडपर्यंत चालवत नाही, आणि उभं राहिलं की गुडघा धरतो. ठाण्यापर्यंत नाही जमत आता."

खरा शॉक हा होता. एका घरात राहतो आम्ही, पण मी जाते लोकलने, आणि मला वाटायचं ही भिशीच्या बायकांशी गप्पा मारायला लवकर निघते! फार वाईट वाटलं.

सोमवारी रिपोर्ट बदलून दिला. साहेब बंगळुरूचे, त्यांनी दोनदा विचारलं, मुद्दाम उलट्या दिशेला कोण जातं? म्हटलं, सर, माझी आई जाते. बस कॉलनीतूनच जाणार, असं ठरलं.

गुडघ्यासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि आज मीही तिच्याबरोबर उलटं गेले... स्टँड सोडल्या सोडल्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. शीळफाटा गेला, माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी जागची हलले नाही.