पुण्याचा पत्ता

पोरीचा रिझ्युमे पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हिला जन्म दुसऱ्याच कुणीतरी दिलाय. पानभर इंग्रजी, त्यात आई नाही, बाप नाही, गाव नाही. पत्ता मात्र कोथरूडचा. पाळण्यापासून बी.कॉम.पर्यंत सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात वाढलेली पोर. पुणं तिनं पाहिलंय ते एका लग्नात, तेही मंगल कार्यालयाच्या आतून.

हे घर कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मावशीच्या पुतण्याची खोली आहे, अण्णा. सगळे तोच पत्ता देतात."

सगळे म्हणजे खरंच सगळे. मी चौकशी केली. त्या एका खोलीत कागदोपत्री निम्मा जिल्हा राहत होता. करमाळ्याची पोरं मोरीत, नातेपुत्याची माळ्यावर आणि अक्कलकोटवाले जागा नाही म्हणून जिन्यात उभे. घरमालकानं सगळ्यांकडून भाडं घेतलं असतं तर त्यानं सोलापूरला दुसरं विमानतळ बांधून दिलं असतं.

ही अक्कल होती रिझ्युमेचा क्लास घेणाऱ्या सरांची. त्यांचं म्हणणं, पुण्यात बसलेला माणूस सोलापूर वाचलं की पुढचं वाचतच नाही. मला लई राग आला. मी चादरीच्या दुकानात सेल्समन आहे. कुठंकुठं विणलेल्या चादरी सोलापूरचं नाव लावून खपतात, हे मी आयुष्यभर बघतोय. चादर परगावची असली तरी तिला सोलापूरचं नाव पाहिजे, आणि पोर सोलापूरची असली तरी तिला पुण्याचं. हा कुठला न्याय?

पण सरांना तरी किती शिव्या घालणार? आधी तिनं खरा अर्ज केलाच होता की. त्यात घरचा पत्ता होता, आणि सोबतच्या पत्रात, म्हणजे कव्हर लेटरमध्ये, एक साधी गोष्ट लिहिली होती. कॉलेजात असल्यापासून आमच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ती ठेवते आणि त्यावरून अजून एकदाही भांडण झालेलं नाही. सोलापुरात राहणाऱ्याला कळेल, हे केवढं मोठं काम आहे. मी म्हणालो होतो, अपार्टमेंट कशाला लिहितेस, अख्ख्या वॉर्डाचा हिशेब म्हण. माझ्या तोंडून एक चादर गिऱ्हाईकाच्या तीन पिढ्या पांघरतात, मला वॉर्ड काय जड? ती म्हणाली, "अण्णा, हे तुमचं दुकान नाही."

तो अर्ज कुठंकुठं गेला. कुणाचा होकार नाही, नकारही नाही. डोंगराला हाक मारली तरी तो निदान तीच परत देतो. मग सरांनी टँकर खोडला, हा काही अनुभव नव्हे म्हणाले, तिला 'डायनॅमिक' केलं आणि कोथरूडला पाठवलं. लगेच मुलाखतीचं बोलावणं आलं. पुण्याची कंपनी, हिशेबाचं काम, नवी शाखा. कुठं? तर जुळे सोलापुरात. आमच्या बाल्कनीतून तिची पाटी दिसते.

ही नोकरी मिळाली तर पोर घरी राहणार होती. नाहीतर तिनं ठरवलंच होतं, महिना संपला की नोकरी शोधायला खरोखरच पुण्याच्या त्या खोलीच्या जिन्यात जाऊन उभं राहायचं.

मी म्हणालो, तू कागदावर पुण्याहून येतेस, तर रात्रभर गाडीत बसल्यासारखं तोंड कर आणि हातात बॅग घे. तिनं ऐकलं नाही. म्हणून बॅग मी घेतली.

तिथं साहेबांच्या खोलीला प्लायवूडची भिंत होती. मी बाहेर बाकावर, पण सगळं माझ्या मांडीवर बसून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. साहेब तरुण, बोलायला मऊ. म्हणाले, रिझ्युमे चांगलाय, पण पुण्याहून इथं कोण टिकतं? आधीच्या दोघी पाणी किती दिवसांनी येतं ते ऐकूनच परत गेल्या. आम्हाला इथलंच माणूस हवंय.

"सर, मी इथलीच आहे," पोर म्हणाली. "मागच्या गल्लीत घर आहे माझं."

"मग हा पत्ता?"

तिनं खरं ते सांगितलं. साहेबांचा आवाज लगेच कोरडा झाला. "म्हणजे रिझ्युमेत तुम्ही खोटं लिहिलंत."

आता मला सांगा, पुण्याची म्हणाली तर पळून जाणार, सोलापूरची म्हणाली तर खोटारडी. मी उठलो आणि आत घुसलो. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग बॅगेकडं.

"हे कोण? पुण्याहून आलेत का?"

"वडील आहेत," ती म्हणाली. "ते कुठूनच आलेले नाहीत. अण्णा, बसा."

मी बसलो. तिनं मोबाईल काढून साहेबांसमोर धरला. पहिला खरा अर्ज ज्यांना गेला होता, त्यात हीच कंपनी होती. हीच जागा. वर घरचा पत्ता, खाली टँकर.

साहेबांनी तो सावकाश वाचला. मग म्हणाले की अर्जांची चाळणी पुण्यात होते, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी एक वाट सुचवली. नवं पत्र द्यायचं, घरगुती कारणानं नुकतीच सोलापूरला परत आले असं लिहायचं, म्हणजे वर कुणाला काही विचारावं लागणार नाही.

तिला खोटारडी ठरवून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि हा माणूस तिला नवं खोटं लिहायला सांगत होता. माझं डोकं तापलं, पण खरं सांगतो, पोर घरी राहत असेल तर मी कारण म्हणून कागदावर तिच्या आजीला अर्धांगवायू द्यायला तयार होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नको सर. एकदा लिहिलं तेवढं पुरे. पहिलाच अर्ज परत पाठवते. त्यात काही बदलायचं नाही."

तिथंच मोबाईलवरून पुण्याला पाठवला, आणि उठली. साहेब म्हणाले, कळवू.

घरी येईपर्यंत मी तिला बोलत होतो. हरिश्चंद्र व्हायला हीच वेळ सापडली होती का, म्हणून. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला नाही, आणि ती कपडे बॅगेत भरायला लागली.

मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. पोरीनं स्पीकर लावला, कुणी मॅडम होत्या. तुमचा अर्ज फार आवडला, म्हणाल्या, पत्र तर विशेषच, टँकरचं वाचून आम्ही सगळे हसलो. असं तिथलंच माणूस आम्ही केव्हापासून शोधतोय. आधी का नाही केलात अर्ज?

मी फोनकडं झेप घेतली. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, ते ऐकून कोथरूडच्या काचा तडकल्या असत्या. पोरगी फोन घेऊन माझ्याआधी बाल्कनीत पोचली आणि तिनं बाहेरून कडी लावली.

काचेतून मला ती दिसत होती, ऐकूही येत होती. "केला होता, मॅडम," एवढंच म्हणाली, आणि फोन कानाला लावून पुढचं ऐकत राहिली. मग तिनं कुंडीच्या काठावरच्या धुळीत बोटानं कामावर यायचा वार लिहून घेतला, सोमवारच असणार. मी आतून काच बडवत होतो.