नानांची टाच

होडीजवळ आले की नाना आधी चपला काढायचे. त्या काठावर नीट शेजारी शेजारी ठेवून अनवाणी चढायचे आणि टाच दाबत, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. होडीचा मालक तोवर इंजिनाचं कौतुक सांगत असायचा. नाना ऐकत नसत.

मुळशी धरणाच्या काठी फायबरच्या होड्यांची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांच्याकडे गेलो तो जुनी होडी घ्यायच्या खुळापायी. महाळुंग्यात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या, पोहता न येणाऱ्या माणसाला होडी कशाला हवी, असं बायकोनं विचारलं होतं. मी इंटरनेटवरून काढलेली चाळीस प्रश्नांची यादी छापून घेतली. तिसराच प्रश्न गाद्यांच्या रंगाचा होता.

मी पसंत केलेल्या होडीत नवाकोरा हिरवा गालिचा होता आणि मी त्याच्यावरच भाळलो होतो. नानांनी आल्या आल्या त्याचा कोपरा उचलला. "नवा गालिचा दिसला, की आदी खाली बघायचं," ते म्हणाले. मग समजावून सांगितलं, की फरशी वरून फायबरची दिसली तरी आत प्लायवूड असतं. खुर्च्यांच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपतं, लाकूड आतल्या आत कुजतं, आणि वरचा रंग चकचकीतच राहतो.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फरशी ठोकत नेली. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजक्या जागी बसका, म्हणाले. मग मला अनवाणी चालवलं. माझ्या कानाला काही कळलं नाही आणि पायाला तर मुळीच नाही. तरी मी "हो, हो, दबतंय" म्हणून मान डोलावली. न कळता मान डोलवायची सवय मला ऑफिसातल्या मीटिंगांनी चांगलीच लावली होती.

ती होडी घ्यायची राहिली, पण शनिवारी नानांकडे जायचं मला व्यसन लागलं. माझ्या बुटांवरून ते दर वेळी काहीतरी बोलायचे. त्यांचा एक नियम होता: "ज्यानं 'घ्या' म्हणायचं, त्यानं पयल्या फेरीला बसायचं." म्हणूनच असेल, ते क्वचितच 'घ्या' म्हणायचे.

मग नानांना साखरेनं धरलं. त्याच सुमारास पाण्यापलीकडच्या वस्तीची जुनी होडी मोडीत निघाली. रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांची भिस्त होडीवर. वस्तीवाल्यांनी एक होडी पाहून ठेवली आणि नानांना बोलावलं. नानांनी मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा ते काठावर बसून होते, पायात चपला तशाच. "पाय बधिर झाल्यात," ते म्हणाले. "तुमी चाला."

मला घाम फुटला. वस्तीची माणसं बघत होती. शेवटी मी खाली वाकून हळूच कबूल केलं, की नाना, तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं, मी उगाच हो म्हणालो होतो.

"म्हाईत हाय मला. मान हलली, पर पाय कुटं थांबला न्हाई तुमचा. आता थांबत थांबत चाला."

डोळे मिटून मी चाललो. दोन फेऱ्या काही नाही. तिसऱ्या फेरीत मागच्या खुर्चीजवळ टाच केसभर खाली गेली. मी तिथंच उभा राहिलो. नानांनी कसंबसं वर चढून त्या खुर्चीचा एक स्क्रू काढला. स्क्रूला भिजलेला काळा भुसा चिकटून आला आणि भोकात पाणी वर आलं. मला कुठल्याच बढतीनं इतका आनंद झाला नव्हता. नाना फक्त "व्हय" म्हणाले.

गेल्या थंडीत नाना गेले. मी अजूनही शनिवारी सवयीनं गाडी काढतो आणि चांदणी चौकात आठवतं.

महिन्यापूर्वी वस्तीनं दुसरी होडी पाहिली आणि मला बोलावणं आलं. बूट काठावर शेजारी शेजारी ठेवले, गालिचा उचलला, ठोकलं, पाच वेळा चाललो. टाच कुठंच खाली गेली नाही. "घ्या," मी म्हणालो, आणि लगेच नानांचा नियम आठवला.

पहिल्या फेरीला मी बसलो. एका आजींनी माझा पांढरा पडलेला चेहरा बघून विचारलं, पोहता येतं ना? मी नाही म्हणालो. आजी जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मंग होडी चांगलीच आसंल."

पलीकडचा काठ येईपर्यंत मी टाच फरशीवर दाबून धरली होती.