आधी पानी, मंग तोंड

यातला एक शब्द जरी खरा वाटला ना, तर चहा फुकट. श्रीरामपूरच्या वळनावर माझी टपरी. धडकलेला डायव्हर पहिला हितंच येऊन बसतो, म्हनून किस्से साठत्यात, दुधावर साय धरल्यावानी.

जग्याची गाडी दगडाला ठोकली. उतरला, चेपलेल्या बॉनेटपाशी उभा राहून फोटू काढला, स्टेटस ठेवलं. मागच्या सीटवरनं बायको म्हनली, "मी जिती हाय, ते बी लिवा."

रफिकला मागनं कुनी ठोकलं. त्यानं पोलिस सोडून समद्यांला फोन लावले. मेव्हना, चुलता, सरपंच, जो तो आपली गाडी घेऊन हजर. शेवटी पोलिस आले ते मीच बोलावल्यावर. साहेबानं रस्ताभर नजर फिरवली आन इचारलं, "यातल्या धडकल्या कोन्त्या?"

घोडेगावला बाजारच्या दिवशी कार आन पिकअप घासली. दोघं डायव्हर एकमेकाची कॉलर धरून. गर्दी जमली, पर पिकअपमधल्या म्हशीभवती. कुनी दात बघतंय, कुनी कास चाचपतंय. म्हस तिथंच इकली, गर्दी पांगली, भांडायला दोघंच उरले. पिकअपवाला म्हनला, "आता सोड की, बघायला कोन हाय?"

त्यातला कारवाला म्हंजी माझा भाचा, बाळू. ह्याच रागापायी त्याची सोयरीक जमंना. मुलीवाले म्हनायचे, रस्त्यावर असा, तर घरात कसा?

मंग मीच शिकवलं त्याला. "आरं, धडकलं की आधी गाडी बंद. कुनाला लागलंय का बघ. पानी दे. एकशेबाराला फोन लाव, फोटू काढ. तोंड समद्यात शेवटी, आन तवा बी बंदच."

शिर्डीकडची एक पोरगी त्याच्या मनात भरली. पर तिचा बाप लई खट. "आधी ह्याच्या गाडीत बसनार, मंग बोलनी," म्हनला. तो मागं बसला, मी पुढं.

निम्म्या वाटंत उसाची ट्रॉली शेतातनं रिव्हर्स आली ती आमच्या बॉनेटवरच बसली. बाळूचे कान लालभडक. मला वाटलं, गेली पोरगी.

पर गडी शांत उतरला. ट्रॉलीवाल्याला म्हनला, "मामा, लागलं का?" बाटली पुढं केली, फोन लावला.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. मुलीचा बाप, हातात चप्पल, ट्रॉलीवाल्याची कॉलर धरून शिव्या देतोय. बाळूनं त्याला सोडवून बांधावर बसवला. "पाहुनं, तोंड बंद. हे घ्या, पानी प्या."

मी पदर तोंडाला लावून जवळ गेले आन हळूच इचारलं, "पाहुनं, पोरगी बी बापावर गेलीय का?"

लग्नात पहिला फेटा त्या ट्रॉलीवाल्याला बांधला. मांडवाच्या दारात सासऱ्यानं त्याचा हात धरला, इकडं तिकडं बघितलं आन म्हनला, "ट्रॉली लांब लावलीय ना?"

जा आता. गिऱ्हाईक खोळंबलंय.