फोटो स्टुडिओतला जबडा

प्रयोगशाळेचा कॅमेरा बिघडला, म्हणून नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला एक अश्मीभूत जबडा घेऊन मी सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत गेले. तो आजवर अज्ञात असलेल्या एका लुप्त प्राण्याचा आहे, हे मला जगाला सांगायचे होते. आणि माझा सारा दावा त्याच्या दोन दाढांमधल्या फटीवर उभा होता.

तिथला छायाचित्रकार प्रत्येक गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी किंचित वर करत असे. जबड्याचीही त्याने तशीच वर केली. "थोडं इकडे बघा," हेही सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले.

संगणकावरचा फोटो पाहून मात्र मी हादरले. दात शुभ्र झाले होते आणि फट नाहीशी झाली होती.

"काहून घाबरून राहिल्या, दीदी? लग्नाच्या फोटोत आम्ही अशी फट बुजवूनच देतो."

"पण या फटीमुळेच तर हा प्राणी इतरांहून वेगळा ठरतो."

त्याने फट परत आणली. मग भिंतीवर टांगलेल्या, स्वतःच दातांच्या फटी बुजवलेल्या नवरदेवांच्या फोटोंकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"तरीच," तो म्हणाला, "हे सगळे सख्खे भाऊ दिसून राहिले."