थोरल्या जावयाचा काप

इंद्रजीत माझा साडू. त्याच्याविषयी चांगलं बोलायचं माझ्या जिवावर येतं आणि वाईट बोलायला तो जागा ठेवत नाही. सगळं दुखणं तिथंच आहे.

मी संपत. येरवड्यात राहतो, झाडं तोडायची कामं घेतो. हा इंद्रजीत आधी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. माझ्या मेहुणीशी लग्न झालं आणि माझ्याच हाताखाली दोर धरायला आला. मग कुठल्याशा ट्रेनिंगला गेला आणि हेल्मेट घालून परतला. तेव्हापासून सोसायट्यांचे फोन त्यालाच. "इंद्रजीत सर आहेत का?" सर! मला इतक्या वर्षांत कुणी धड नावानं हाक मारली नाही.

लोकांचं जाऊ द्या हो. खरी आग लावली ती सासूबाईंनी, यमुनाबाईंनी. हिंजवडीला त्यांच्या घरामागे एक नीलगिरी आहे, म्हणजे होती. रिकाम्या वावराकडे चांगलीच कललेली. भाड्यानं राहणारी आयटीतली पोरं नेमक्या तिच्याखाली गाड्या लावायची. तोडायची परवानगी आली तसा मी म्हणालो, "मामी, रविवारी मशीन घेऊन येतो."

तर यमुनाबाई म्हणतात कशा, "ऱ्हाऊ द्या संपतराव. इंद्रजीतरावांना सांगितलंय. तुम्ही या की जेवायला."

जेवायला! थोरला जावई मी, धंदा माझा झाडं तोडायचा, आणि मी जाऊन मटण खायचं? अंगाचा नुसता तिळपापड झाला. या घरात आपल्याला काही किंमत उरली आहे का, ते एकदा बघायचंच ठरवलं. गेलो. मदतीच्या नावाखाली पेट्रोलचा कॅन धरून साडूच्या मागे उभा राहिलो.

त्यानं आधी बुंध्याभोवतीचं गवत काढलं. मागे तिरकं सटकायची वाट मोकळी केली. गाड्या हलवल्या, बायकापोरांना लांब घालवलं. केवढा तो थाट! मग कललेल्या बाजूला खाच घेतली. मी असतो तर आता मागून सरळ कापत आलो असतो. कललेलं झाड असं कापलं की कधीकधी खोड मध्येच उभं फाटतं आणि कापणाऱ्याच्या छातीवर येतं, हे काय मला ठाऊक नाही? पण मी चपळ आहे. याला चपळाईची गरजच पडू द्यायची नव्हती.

यानं मशीन बाजूनं बुंध्यात खुपसलं. पात्याच्या टोकाची खालची कड आधी लावली, कारण वरची कड लागली तर मशीन तोंडावर उसळतं. चेन पूर्ण वेगात ठेवून पातं हळूच सरळ केलं आणि आरपार घातलं. मी मनात म्हणत होतो, अडक बाबा, एकदा तरी अडक, चारचौघांत! त्याला लागावं असं नव्हतं मनात, देवाशपथ. हसं व्हावं एवढंच. पण कसलं अडकतंय! खाचेमागे बिजागरीसारखी एक पट्टी राखून तो आतून मागे कापत आला आणि शेवटी मागचं थोडं लाकूड तसंच सोडलं. एवढं झाड त्या दोन पट्ट्यांवर गुपचूप उभं!

मग त्यानं मशीन बंद केलं आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे धरलं. "दादा, शेवटचा काप तुमचा. थोरल्या जावयाचा मान आहे."

वर स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं. "मागची पट्टी बाहेरून कापा, आधीच्या कापाच्या जरा खालून. सुटली की त्या वाटेनं मागे या. बघत थांबू नका."

भीक घातल्यासारखं वाटलं. पण नाही कसं म्हणणार? बायको बघत होती, मेहुणी बघत होती. आरोळी दिली आणि कापलं. पट्टी सुटली, मी वाटेनं मागे आलो, आणि नीलगिरी धाडकन वावरात पडली. खोडाला कुठं चीर नाही. मी पाडलं, माझ्या हातानं पाडलं! छाती अशी फुगली म्हणता!

सासूबाई पदर सावरत धावतच आल्या. मी हेल्मेट काढून ताठ उभा राहिलो. त्या माझ्या शेजारून पुढं गेल्या आणि इंद्रजीतवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

"किती मोठं मन हाय हो तुमचं, इंद्रजीतराव! आपला मान दुसऱ्याला द्यायचा म्हंजी सोपं हाय व्हय?"

मी बायकोकडे बघितलं. निदान ती तरी काही बोलेल.

"शिका जरा," ती म्हणाली.