घोंगडीतला एक केस

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, प्रकाश लाट आहे की कण, आजी, एका वाक्यात सांग. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात हेच शिकवलं, पण एका वाक्यात ते मला कधी जमलं नाही. म्हणून यंदाची एक गोष्ट क्रमाने लिहिते.

आपल्या माजलगावच्या शेतातली ज्वारी निघाली की दरवर्षी एक मेंढपाळ चार दिवस कळप बसवतो. लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं. त्याची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. ती बीडला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होती आणि तिला पुढे एम.एस्सी.साठी संभाजीनगरला जायचं होतं. बाप नाही म्हणत नव्हता, पण त्याची एक अट होती. "काय शिकती ते मला समजंल असं सांग. न्हाई सांगता आलं तर चल मेंढरांमागं." दोनदा सांगून ती हरली होती. शेवटी त्याला घेऊन भर दुपारी माझ्याकडे आली.

मी निर्धास्त होते. माझं ठरलेलं उदाहरण होतं आणि ते नेमकं त्याच्याच धंद्यातलं.

"हे बघा, लांबून तुमचा कळप पाण्यासारखा वाहताना दिसतो. रात्री कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी मात्र एकेक मेंढी मोजता येते. प्रकाशाचं तसंच."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "बाई, म्हंजी लाट कळपाची झाली. मेंढीची न्हाई."

"हो."

"आन् एकेकटी सोडली तर? मंग लाट कुठं जाती?"

शास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून पाहिलं आहे. समोर दोन बारीक फटी. इलेक्ट्रॉन, किंवा प्रकाशाचा कण, एकेकटा सोडायचा, पहिला पोचल्याशिवाय दुसरा नाही. प्रत्येक जण पलीकडच्या पडद्यावर एकच ठिपका उमटवतो, कणासारखा. पण असे हजारो ठिपके साठले की त्यांचे पट्टे दिसतात: इथे दाटी, तिथे रिकामं, पुन्हा दाटी. असे पट्टे लाटाच पाडतात. एक फट बुजवली की ते जातात. म्हणजे ही गर्दीची करामत नाही. एकट्या इलेक्ट्रॉनचाही दोन्ही फटींशी काहीतरी संबंध असतो. माझं कळपाचं उदाहरण चुकीचं होतं, आणि ते मी प्रत्येक वर्गाला दिलं होतं.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं."

"बाई," मुलगी हळूच म्हणाली, "मी परीक्षेत तेच लिहून आले."

तिचा चेहरा उतरला होता. मग मला तुमचा लाल लेझर आठवला, लिंबागणेशच्या जत्रेत घेतलेला. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि तिला एक बारीक केस मागितला. तिने बापाच्या खांद्यावरच्या घोंगडीतून लोकरीचा एक तंतू उपसला.

"अगं, नवी हाय ती!"

"एकच घेतलाय, आबा. आता सांगा, हा उजेडात धरला तर भिंतीवर काय दिसंल?"

"सावली. दुसरं काय?"

तिने तंतू लेझरपुढे धरला. भिंतीवर लाल ठिपक्यांची ओळ उमटली, मधे मधे काळोख. जिथे सावली पडायला हवी, त्या बरोबर मधल्या जागी सगळ्यांत जास्त उजेड.

तो भिंतीपाशी गेला आणि त्याने त्या उजेडावर बोट ठेवलं. "आता गं?"

पुढचं मुलगी बोलली. मी एक शब्दही घातला नाही. प्रकाश केसाच्या दोन्ही अंगांनी जातो. दोन्हीकडच्या लाटांचे उंचवटे जुळले तिथे उजेड, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात पडला तिथे काळोख. जाताना तो लाटेसारखा वागतो, पण पोचताना एकेका दाण्यासारखा पडतो.

"मेंढीचं बी असंच का?"

"शास्त्र तसंच म्हणतं, आबा. पण मेंढी एवढी मोठी की तिची लाट कशानंच दिसायची न्हाई."

"म्हंजी माझी मेंढरं सरळच जात्यात."

"तुमची मेंढरं कवा सरळ गेली?"

तो खूप हसला. मग माझ्याकडे वळला. "पर बाई, एकटा दाणा दोन्हीकडून जातो कसा?"

आता खोटं बोलणं नको होतं. "गणित पक्कं आहे, उत्तरं बरोबर येतात," मी म्हणाले. "पण आत नेमकं काय घडतं, यावर मोठमोठे लोक अजून भांडतात. मला माहीत नाही."

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी होतं नव्हतं ते घालवलं. बापाने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"मला वाटलं, समदं शोधून झालंय आन् पोरगी नुसतं पाठ कराया चालली," तो म्हणाला. "अजून काम हाय की मंग." दारात थांबून त्याने तिला विचारलं, "फारम कवा भरायचा?"

फॉर्म भरून झाला आहे. माझ्या जुन्या टिपणवहीत कळपाच्या उदाहरणावर मी रेघ मारली आणि शेजारी त्याचा प्रश्न लिहून ठेवला. तुमचा लेझर मात्र मी तिला देऊन टाकला. रागावू नका, पुढच्या जत्रेत नवा घेऊ.