आक्काचा विश्वास कमी पडला नव्हता

दाजींचा फोन आला तेव्हा मी शेवंती तोडत होते. "तुझी आक्का बोलंना झालीय," एवढंच ते म्हणाले. कवठ्याहून शिरूरच्या दवाखान्यात पोहोचले, तर तिचा श्वास भात्यासारखा चाललेला. माझा आवाज ओळखून तिने डोळे उघडले. "माझा इश्वास कुठं कमी पडला गं?"... हेच तिचं शेवटचं बोलणं. महिना उलटला, माझा राग उतरत नाही. उतरावा असं वाटतही नाही.

आमचं घर मेंढपाळांचं. आक्का माझी मोठी बहीण, न्हावऱ्याला दिलेली. दाजींची दारू एका प्रार्थनेच्या मंडळीत सुटली आणि तेव्हापासून आक्का येशूची झाली. माहेरी गहजब. आईने तर अबोलाच धरला. आक्का तरी यायची, गोठा झाडायची, भाकरी थापायची. "देव बदलला, आई बदलली का?" म्हणायची.

खुटबावला एका नव्या सुनेच्या अंगात येतं म्हणून देवऋषी तिला चाबकाने मारत होता. प्रार्थनेला गेलेली आक्का थेट मध्ये शिरली. "भूत आसंल तर माझ्या अंगावं घाल. ह्या पोरीला हात लावायचा न्हाई!" तिच्या दंडावर उठलेला वळ मी पाहिलाय. मग पोरीला जवळ घेऊन तिने प्रार्थना केली आणि सकाळी तिला डॉक्टरकडे नेलं. फिट्स होत्या, गोळ्यांनी थांबल्या. "गोळीबी देवाचीच," आक्का म्हणाली. देवाचं सामर्थ्य म्हणतात ते असं असेल, तर मला मान्य आहे.

पुढे मंडळीत बाहेरून एक प्रचारक आला. मोठे स्पीकर, त्याहून मोठा आवाज. दुखणं म्हणजे सैतानाचा हल्ला, आणि लढाईत शस्त्र एकच, विश्वास. आक्काला साखरेचा आजार, रोज इन्सुलिन लागायचं. "सुई टोचणं म्हणजे शत्रूला दार उघडणं," त्याने तिला सगळ्यांसमोर सुनावलं. टाळ्या पडल्या. चाबकापुढे न हटलेली माझी बहीण त्या टाळ्यांपुढे वाकली, कारण हा माणूस तिच्याच देवाच्या नावाने बोलत होता. मी भांडले, दाजी रडले. "एवढी परीक्षा दिऊ द्या मला," ती म्हणाली आणि तिने इंजेक्शनं बंद केली...

दफनाच्या वेळी तोच पुढे उभा राहिला. "बहिणीचा विश्वास शेवटी डळमळला," म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आन् तुमच्या नाकावं चष्मा कशाला हाय? काढा की! इश्वासानं बघा."

कुणीतरी मला मागे ओढू लागलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले दाजी ओरडले, "बोलू द्या तिला!" प्रचारकाने चष्मा मात्र काढला नाही.

आक्काच्या पडवीत एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. आलेल्याला आक्का त्या खुर्चीत बसवायची, स्वतः खाली फरशीवर बसायची. परवा मी तिथे असताना तापलेलं पोर घेऊन एक बाई आली. "प्रार्थनेच्या ताई हायेत का?" तिला कळलंच नव्हतं. मी तिला खुर्चीत बसवलं, खाली बसले, पोराच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. आक्काने आधी प्रार्थनेला डोळे मिटले असते. मला ते येत नाही.

"ताई गेल्या," मी म्हणाले. "ऊठ, मी येते संगं. आधी दवाखाना."